चार वाजून सात मिनिटं

मृत्यूच्या दाखल्यावर दुपारचे दोन चाळीस लिहिले होते आणि तिच्या फोनवर चार वाजून सात मिनिटं होती. मधल्या सत्याऐंशी मिनिटांसाठी ती तीन आठवडे रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीशी भांडत होती. खिडकीतला कारकून भला माणूस होता. पहिल्या वेळी तो उठून उभा राहिला, दुसऱ्या वेळी त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, तिसऱ्या वेळी मात्र कंटाळून म्हणाला, "बाई, चूक झालीच तर दहापाच मिनिटांची होईल. दीड तासाची कशी होईल?" तिनं फोन पुढे केला. नवऱ्याच्या नावाखाली, चार सातला: चहा झाला का? आज लवकर निघतो. "दोन चाळीसला गेलेला माणूस चार सातला लिहितो का? तुम्हीच सांगा." कारकुनानं चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मुकाट्यानं दुरुस्तीचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. अर्ज भरताना तिला बरं वाटलं होतं. नवरा ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेला होता, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, वेळ डॉक्टरनं नंतर तपासून ठरवली होती, आणि तिला फोन आला तो पावणेपाचला. पण त्या दिवशी सकाळी बूट घालता घालता तो दारातून काहीतरी म्हणाला होता. इकडे नळ चालू होता. तिनं "काय?" म्हणून ओरडून विचारलं, तर तो म्हणाला, "काही नाही. चारला लिहितो." आणि चारला त्यानं लिहिलं होतं. साधंच वाक्य, पण शब्द पाळला होता. एवढंच तिच्या पदरात उरलं होतं, आणि कुणा डॉक्टरच्या घड्याळापायी ते सोडायला ती तयार नव्हती.

अर्ज भरल्यानंतरच्या शुक्रवारी ती कामावर होती. कानांच्या दवाखान्यात काचेच्या एका बाजूला ती बसायची आणि दुसऱ्या बाजूला, जाड दाराच्या बंद खोलीत, डोक्यावर हेडफोन चढवून पेशंट बसायचा. ती बारीक शिट्टीसारखे आवाज सोडायची, प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा हलका. ऐकू आला की पेशंटनं हातातलं बटन दाबायचं, काचेवर दिवा लागायचा. सतरा वर्षं ती हे करत होती, आणि या कामातली खरी गंमत तिला माहीत होती: आवाज सोडलाच नाही तरी लोक बटन दाबतात. ते लबाड नसतात. आवाज निसटून जाईल अशी धास्ती त्यांना असते, म्हणून अंधारात पायरी चाचपावी तसे ते दाबत राहतात. तक्त्यावर अशा दाबण्यापुढे ती फुली मारत असे. त्या दिवशी आत छापखान्यातले निवृत्त आजोबा होते. चाळीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढून कान गेलेले, पण ताठ बसलेले, बटनावर अंगठा रोवून. ती पुढचा आवाज सोडणार इतक्यात तिच्या कोटाच्या खिशातला फोन थरथरला. तिनं सवयीनं काढला, सवयीनं वाचला. चहा झाला का? जरा पाय वर घेऊन बस. खाली फोनच तीन तयार उत्तरं सुचवत असे. त्यातल्या पहिल्यावर तिचा अंगठा पडला. हो, झाला. फोन परत खिशात गेला, तिनं आवाज सोडला, काचेवर दिवा लागला, आणि मग तिनं घड्याळाकडे बघितलं. चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. ज्याला तिनं आत्ता उत्तर दिलं, त्याला जाऊन बावीस दिवस झाले होते.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. खरं तर तिचा कशावरच फारसा विश्वास नव्हता, आणि घरात ते काम नवऱ्यानं एकट्यानं दोघांच्या वाट्याचं केलं होतं. त्याचा देव म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सिस्टीम. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट, उघडी, कुणाच्या मालकीची नसलेली. बाकीच्या सिस्टीम कंपन्यांच्या, म्हणजे गुलामगिरीच्या. "जे उघडून बघता येत नाही ते आपलं नसतं," हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा की ती दुधाची पिशवी कापतानाही ते पुटपुटू लागली होती. त्या सिस्टीमचे स्टिकर त्याच्या पाण्याच्या बाटलीवर होते, हेल्मेटवर होते, फ्रिजवरही होते. तिच्या कामाच्या लॅपटॉपवर दवाखान्याच्या यंत्रासाठी कंपनीची सिस्टीम होती. त्याला तो हात लावत नसे, लावावाच लागला तर नंतर साबणानं धुवून येई. एकदा जेवून तिच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, नवरा घटकाभर लवंडला, तेवढ्यात यानं त्याच्या कॉम्प्युटरची सिस्टीम बदलून टाकली. मेहुणे उठले ते मुक्त होऊन. त्या घरात पुन्हा प्रिंटर चालला नाही. ताई आठवडाभर धुसफुसत होती आणि हा म्हणत होता, "प्रिंटरचं काय घेऊन बसलात ताई, स्वातंत्र्य बघा!" ती खूप हसली होती तेव्हा. "उद्या बायको बदलली तर चालेल तुला, सिस्टीम बदलता कामा नये," असं तिनं त्याला चारचौघांत सुनावलं होतं, आणि त्यावर तोही हसला होता, पण नाही म्हणाला नव्हता. माणसं माणसांशी एकनिष्ठ राहत नाहीत आणि एका डब्याशी राहतात, हे तिला गमतीचं वाटे. गमतीचं, आणि कधीकधी मागच्या खोलीतून येणारी ती एकसुरी घरघर ऐकताना थोडं भीतीचंही. मग सहा वर्षांत ती घरघर तिला ऐकू येईनाशी झाली. कानाला सवय होते, हे तिनं पेशंटना हजारदा समजावलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन तिनं मागच्या खोलीचं दार उघडलं. यंत्र चालू होतं. ते कधीच बंद नसे. प्लगवर त्याच्या अक्षरात चिकटवलेला कागद: हात लावू नये. त्यानं यंत्राच्या डोक्यावर एक बोटभर पडदा बसवला होता, त्यावर ते किती दिवस अखंड चालू आहे तो आकडा दिसे. २२०९. तो गेल्यानंतर त्याचे मित्र भेटायला आले होते. सहाजण, मंडळ म्हणत ते स्वतःला. हॉलमध्ये माना खाली घालून बसले, दोन शब्द बोलले, आणि मग एकेक करून या खोलीत गेले. ती पाणी घेऊन गेली तर सगळे त्या आकड्यापुढे हात बांधून उभे होते. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी, हे बंद करू नका," दाढीवाला म्हणाला होता. तो त्यातला सर्वांत जवळचा. "तीन हजार होऊ द्या. त्याचं स्वप्न होतं." नवऱ्याचं असं काही स्वप्न आहे हे तिला तेव्हा कळलं. घरात गर्दी होती म्हणून ताईनं इंटरनेटच्या डबीचा प्लग काढून तिथे फोन चार्जिंगला लावले होते. कागद चिकटवलेल्या प्लगला मात्र तीही घाबरून होती. डबी बावीस दिवस तशीच बंद राहिली. आज सकाळी, कामावर जाण्याआधी, तिनं ती परत सुरू केली होती. दारात उभ्या उभ्या तिला हे सगळं एका ओळीत दिसलं, आणि पुढची पायरी दिसत असूनही तिनं तिच्यावर पाय ठेवला नाही. तिनं दाढीवाल्याला फोन केला आणि फक्त म्हणाली, "भाऊजी, उद्या दुपारी या. एकटे नका येऊ, बायकोलाही आणा."

दाढीवाल्याची बायको शाळेत चित्रकला शिकवायची. बोलकी, मोकळी बाई. दोघं साडेतीनला आली. तिनं त्या दोघांना चहा करून दिला. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "काल चार वाजून अकरा मिनिटांनी मला त्यांचा मेसेज आला." दाढीवाल्यानं कप बशीत ठेवला. त्याचा चेहरा दाढीच्या वर जेवढा दिसत होता तेवढा पांढरा पडला. "डबी सुरू केलीत का?" एवढंच त्यानं विचारलं, आणि तो प्रश्नच उत्तर होता. त्याची बायको म्हणाली, "म्हणजे काय? कुणीतरी थट्टा करतंय का? असल्या थट्टा करणाऱ्यांना पोलिसांत दिलं पाहिजे." "थट्टा नाही," तो म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. चार वाजून गेले आणि आधी तिचा फोन वाजला, टेबलावर. पाठोपाठ दाढीवाल्याच्या बायकोची पर्स थरथरली. दोघींनी एकदमच फोन काढले. तिच्या फोनवर होतं: फार दमू नकोस. आलोच. चित्रकलेच्या बाईंनी आपला फोन वाचला, मग शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. त्याचा फोन शर्टाच्या खिशात होता. "तू मला लिहिलंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चहा झाला का. तू तर इथे बसलायस. माझ्यासमोर चहा पितोयस." त्यानं कपबशी पुढे सरकवली. "अरे, तू इथे बसलायस!"

बंद करायचं राहून गेलं, असं तो म्हणत होता. सुट्टीला घरी असलं की ते बंद ठेवायचं असतं, आज शनिवार असल्याचं लक्षातच राहिलं नाही. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. मंडळात अशी पद्धत होती: कुणी काही नवं, सोयीचं लिहिलं की ते सगळ्यांना द्यायचं, त्यात ज्यानं त्यानं भर घालायची. ते त्यांचं तत्त्वच होतं. सहा वर्षांपूर्वी त्यातल्या कुणीतरी हा छोटा प्रोग्रॅम लिहिला, कारण कामाच्या नादात बायकोला विचारायचं राहतं आणि घरी भांडणं होतात. चाळीस वाक्यं. चारच्या आसपास, रोज वेगळ्या मिनिटाला, त्यातलं एखादं जातं. "दर पंधरावीस दिवसांनी मुद्दाम एक दिवस खाडा," तो म्हणाला, आणि बोलता बोलता, इतक्या सगळ्यातही, त्याच्या आवाजात थोडा अभिमान आला. "संशय येऊ नये म्हणून. ती कल्पना ह्याची." चित्रकलेच्या बाई उठून खिडकीपाशी गेल्या होत्या. त्यांची पाठ दिसत होती. "एकदा खाडा होता," त्या खिडकीकडेच बघत म्हणाल्या, "तेव्हा मी दिवसभर म्हणत होते, माझं काय चुकलं."

तिला मात्र राग आला नव्हता. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती विचारायला तिची जीभ उचलत नव्हती. "भाऊजी, ते स्वतः कधीच लिहीत नव्हते का?" "लिहायचा की," तो घाईनं म्हणाला. "तशी सोय आहे त्यात. स्वतः लिहिलं असेल त्या दिवशी प्रोग्रॅम गप्प बसतो." "मग कुठला त्यांचा आणि कुठला त्याचा, हे कसं कळायचं?" "मशीनमध्ये नोंद असते. पण मशीनला कुलूप आहे वहिनी, त्याच्या पासवर्डचं. तो त्याच्याबरोबर गेला. चालू आहे तोवर निदान आशा आहे, कधी काही मार्ग निघेल. बंद केलं की ते कायमचं मिटलं, मग ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही." ती म्हणाली, "तुमची चाळीस वाक्यं दाखवा." त्यानं फोनवर यादी काढून दिली. ती एका दमात वाचता येईना, इतकी ओळखीची होती. सहा वर्षांच्या दुपारी एकाखाली एक लावल्या होत्या. पाठ दुखत असेल तर टेकून बस. छत्री नेलीस ना. तुझी आठवण आली, असंच. हे शेवटचं वाक्य तिला एकदा ताप असताना आलं होतं, आणि तिनं ते ताईला वाचून दाखवलं होतं. सतराव्या जागी होतं: चहा झाला का? आज लवकर निघतो. तिनं यादी शेवटपर्यंत वाचली, मग परत सतराव्यावर आली. कुठे काना नाही, मात्रा नाही, जसंच्या तसं. डॉक्टरच्या घड्याळात काही बिघाड नव्हता. दोन चाळीसला तो खुर्चीत गेला होता, आणि तो गप्प राहिला म्हणूनच चार सातला यंत्र बोललं होतं. जाताना दाढीवाला दारात घुटमळला. "बंद मात्र करू नका वहिनी," तो म्हणाला. त्याची बायको त्याच्यासाठी थांबली नव्हती. खाली रस्त्यावर एकटीच भराभरा चालत होती.

रविवारी दिवसभर ती फोनमधले जुने मेसेज मागे मागे वाचत गेली. यादीतलं वाक्य आलं की ती पुढे सरकायची. उरलेली किती निघतील याची तिला धास्ती होती; निघाली थोडीच. बल्ब आण, पांढरा नको. किल्ली शेजारी ठेवलीय. ताईला फोन कर, रुसलीय. एकातही माया म्हणावी असं काही नव्हतं, आणि तेवढीच त्याची होती. पण खरं धक्क्याचं तिला दिसलं ते दुसऱ्या बाजूला, जिथे तिची उत्तरं होती. हो, झाला. हो, झाला. ठीक आहे. हो, झाला. खालून फोननं सुचवलेली, अंगठ्याखाली आलेली. सहा वर्षं रोज चारला त्याचं यंत्र तिच्या यंत्राशी बोलत होतं, आणि दोघं आपापल्या खुर्चीत बसून, आपली काळजी घेतली जातेय अशा समाधानात, आपापली कामं करत होते. त्याला हसायचा तिला काय अधिकार होता! तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग तो भयंकर आठवला, नुसता आठवला, बूट घालताना भिंतीला टेकलेला, एका पायावर उभा, काहीतरी सांगणारा.

चारला पाच मिनिटं कमी असताना ती मागच्या खोलीत जाऊन यंत्रासमोर स्टुलावर बसली. २२११. इतकी वर्षं न ऐकू आलेली घरघर आता स्पष्ट ऐकू येत होती. तिच्यात मध्येच एक बारीक अडखळ होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासात असते तशी. चार दोनला यंत्रावरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. चहा झाला का? खाली तीन तयार उत्तरं वाट बघत होती. तिनं त्यांना हात लावला नाही. स्वतःच्या बोटांनी, एकेक अक्षर शोधत, तिनं लिहिलं: त्या दिवशी सकाळी दारात काय म्हणाला होतास? आणि पाठवून दिलं. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. तरी ती वाट बघत राहिली, श्वास धरून, हेडफोन चढवलेल्या पेशंटसारखी ताठ. एक मिनिट गेलं. हिरवा दिवा पुन्हा लुकलुकला.

घरी आल्यावर बोलू.

ती स्टुलावरून उठलीच. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. हेही वाक्य ओळखीचं होतं; यादीत नव्हतं म्हणून सकाळी तिनं ते त्याचंच धरलं होतं. तिनं काही विचारलं, प्रश्नचिन्ह आलं, की हे यायचं. मंडळातल्या कुणीतरी घातलेली भर असणार. किती वेळा आलं होतं ते! आईच्या आजारपणात तिनं चारला विचारलं होतं, आईला इथे आणू या का? घरी आल्यावर बोलू. मूल होणार नाही हे नक्की झालं त्या आठवड्यात तिनं विचारलं होतं, तुला वाईट वाटतंय का? घरी आल्यावर बोलू. आणि संध्याकाळी तो घरी यायचा, तिला वाटे तो विषय काढेल, तो काढायचा नाही, कारण यंत्र परस्पर उत्तर देऊन मोकळं व्हायचं आणि तिनं काही विचारलंय हे त्याला ठाऊकच नसायचं. ती मनात म्हणायची, त्याला नाही बोलायचं, राहू दे. तोही मनात म्हणत असेल, ही कधी काही विचारत नाही, हिला नसेल बोलायचं. इतकी वर्षं दोघं एकाच टेबलावर, एकमेकांना समजून घेत, गप्प जेवत होते. त्या सकाळी दारात काही सांगावंसं वाटलं ते त्याला स्वतःला वाटलं होतं, आणि तेच एक तिनं ऐकलं नव्हतं. कानांची तज्ज्ञ! ती रडली. चोवीस दिवसांत रडली नव्हती अशी, भिंतीला डोकं टेकून, आवाज काढून रडली. यंत्र घरघरत होतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, वाकली आणि त्याच्या अक्षराचा तो कागद आधी नीट, न फाडता सोडवून घेतला. "उघडता येत नाही ना," ती यंत्राला म्हणाली, "मग माझं नाही." आणि प्लग ओढला. आकडा विझला. घरघर उतरत गेली, थांबली, आणि त्या खोलीत इतकी शांतता झाली की तिला स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येऊ लागलं.

सोमवारी कामावर जाताना ती नोंदणी खिडकीवर थांबली आणि दुरुस्तीचा अर्ज मागे घेतला. "म्हणजे वेळ बरोबर होती?" कारकुनानं विचारलं. "बरोबर होती," ती म्हणाली. दुपारी छापखान्यातले आजोबा राहिलेल्या चाचणीसाठी परत आले. तिनं त्यांना खोलीत बसवलं, हेडफोन ठीक केले, जाड दार लावलं आणि काचेच्या अलीकडे येऊन बसली. डावा कान झाला. उजवा सुरू झाला, आवाज हलके हलके होत गेले, काचेवरचा दिवा उशिरा उशिरा लागू लागला. घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली. तिनं यंत्रावरून हात काढला. पुढचा आवाज तिनं सोडलाच नाही. तेवढ्यात तिच्या खिशात काहीतरी थरथरलं. तिचा हात तिकडे गेला, फोन निघाला. पडदा काळा होता, काहीही आलेलं नव्हतं. तिनं वर बघितलं तर काचेवर दिवा लागला होता. आजोबा बटन घट्ट दाबून, मान किंचित कलती करून, तिच्याकडे बघत होते.

तक्त्यावर फुली मारायला तिनं पेन उचललं, आणि ठेवलं. उठून जाड दार उघडलं. "आजोबा, आत्ता काय ऐकलंत?"

म्हातारा ओशाळला. "काही नाही हो," तो म्हणाला. "वाटलं, एवढा वेळ झाला, आलं असेल. आणि आपल्यालाच ऐकू आलं नसेल."

"हो," ती म्हणाली. तिनं दार ओढून घेतलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मग कितीतरी वेळ तिनं आवाज सोडला नाही, आणि काचेच्या दोन्ही बाजूंनी ते दोघं ऐकत राहिले.